टायरच्या रबराचे पुनश्चक्रण : संज्ञा आणि प्रक्रिया

‘पुनश्चक्रण’ ही संज्ञा लोखंड व काच ह्यांना यथार्थपणे लागू पडते. मोडीचे लोखंड वितळते आणि पुन्हा लोखंडच होते. टायरच्या रबराविषयी ती योजताना मात्र थांबावे लागते. कारण हे रबर वितळतच नाही. १८३९ साली चार्ल्स गुडइयर ह्यास जो शोध लागला त्याचे मर्म हेच होय. कच्च्या रबराच्या लांबच लांब रेणुमालिका एकमेकींवरून घसरतात, म्हणून ते उन्हात चिकट होते. गंधकासह तापविले असता मालिकांमध्ये गंधकाचे पूल बांधले जातात व सारा पिंड एकच जाळे बनतो. टायर निकामी झाल्यावर हा गुणच दोष ठरतो. असे रबर कितीही तापविले तरी त्याचा रस होत नाही. अखेरीस ते विघटित होते अथवा जळते.

चंद्रपूर व गडचिरोली ह्या वनजिल्ह्यांत हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. बल्लारपूर-राजुरा परिसरातील कोळसा आणि सूरजागडचे लोहखनिज मोठ्या प्रमाणात चाकांवरून बाहेर पडते. खाणीतील अवजड डंपरचे एकेक चाक उभ्या माणसाहून उंच असते. झिजलेले टायर जाळणे हा सर्वांत सोपा उपाय; पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ गुण मिळून ते अतिप्रदूषित क्षेत्रांत गणले गेले होते, हे विसरता येत नाही. टायर तसेच पडू दिले तर त्यांत साचलेल्या पाण्यावर डेंग्यूचे डास वाढतात. (गडचिरोलीच्या हिवतापाचे खापरही कोणी टायरांवर फोडू नये. तो पसरविणारे डास मुख्यतः जंगलातील नाल्याओढ्यांच्या पाण्यात वाढतात.)

तिसरा मार्ग संमिश्र पदार्थाचा. टायरातील पोलादी तारा व धागे वेगळे काढून रबराची भुकटी केली जाते. द्रव नायट्रोजनने गोठविल्यास रबर काचेसारखे ठिसूळ होऊन सहज फुटते. पॉलिथिलीन हे प्लास्टिक सुमारे ११० ते १३० अंश सेल्सिअसला वितळते. त्या रसात ही भुकटी मिसळून साच्यात घातली की काम झाले, असे वाटते. येथेच अपेक्षाभंग होतो. लवचिक रबर घातल्याने पदार्थ लवचिक व्हावा हा तर्क स्वाभाविक आहे. परंतु रबराचे प्रमाण वाढवीत नेल्यास पदार्थाचे ताणबल घटते आणि तुटण्यापूर्वी जितका तो ताणला जाई तितकाही ताणला जात नाही.

ह्याचे कारण कणात नसून कणाच्या सीमेवर आहे. जाळ्यात बांधलेल्या मालिका सैल होऊन प्लास्टिकच्या मालिकांत गुंतू शकत नाहीत. दोहोंचा संबंध शेजाराचा राहतो, सोयरिकीचा होत नाही. ताण पडताच तडा ह्या सीमेवरूनच धावतो. त्यावर दोन उपाय केले जातात. पहिला, मॅलेइक अनहायड्राइड जोडलेल्या पॉलिथिलीनसारखा दुवा मिश्रणात घालणे. दुसरा, कणांतील गंधकाचे पूल काही अंशी तोडणे, म्हणजे निर्वल्कनीकरण. गंधक-गंधक बंध कार्बन-कार्बन बंधापेक्षा दुर्बल असतो, म्हणून हे तत्त्वतः शक्य आहे; तथापि उष्णता व घर्षण ह्यांना इतका सूक्ष्म विवेक नसतो. पुलांबरोबर मूळ मालिकाही तुटतात आणि रबराचा कस जातो.

तेव्हा टायर पुन्हा टायर होत नाही. त्याचा कण दुसऱ्या पदार्थात भर म्हणून राहतो. २०२२ साली केंद्र शासनाने टायर-उत्पादकांवर विस्तारित जबाबदारी घातली. २०२४-२५ साठीचे उद्दिष्ट २०२२-२३ मध्ये बनविलेल्या वा आयात केलेल्या टायरांच्या वजनाच्या १०० टक्के होते. वजनाचा हिशेब त्याने जुळेल. त्या वजनाचे पुढे काय करावे हे ज्या त्या ठिकाणी पाहूनच ठरवावे लागेल. गतिरोधक, पायपुसण्या, यंत्राखालच्या गाद्या ह्यांसाठी असा पदार्थ योग्य आहे. जंगलातील कुंपणाच्या खांबांसाठी तो सुचविणे मात्र धाडसाचे होईल. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा पेटविला जातो, उन्हाळ्यात वणवे लागतात. आणि जे रबर जाळू नये म्हणून एवढा खटाटोप केला, तेच त्या आगीत काळा धूर ओकू लागेल. टायरात झिंक ऑक्साइडही असते; पदार्थ झिजताच जस्त पाण्यात उतरू शकते, म्हणून मालगुजारी तलावांच्या काठी वापर करण्यापूर्वी पाण्याची तपासणी झाली पाहिजे.