परतीची रिकामी फेरी कोणाच्या खात्यात?

कोरोनाकाळात चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाहतूकदारांनी केलेली सेवा आणि त्यातून धंद्याने घ्यावयाचा धडा

मालवाहतुकीच्या धंद्यातील हिशोब साधा आहे. गाडी भरून गेली आणि भरून आली, तर मालकाचा हप्ता सुटतो. भरून गेली आणि रिकामी परतली, तर डिझेल, चालकाचा भत्ता आणि टायरची झीज निघाली तरी पुष्कळ. 2020 आणि 2021 या दोन वर्षांत चंद्रपूर व गडचिरोली या जंगल जिल्ह्यांत ज्यांनी गाड्या चालू ठेवल्या, त्यांच्या सेवेचे मोल करावयाचे तर या रिकाम्या फेरीपासूनच सुरुवात करावी लागेल.

त्या काळात डॉक्टर, परिचारिका आणि आशा सेविका यांचा गौरव झाला व तो योग्यच होता. परंतु त्यांच्या हाती औषध, प्राणवायू, लस आणि गावात धान्य पोहोचविणारा चालक व गाडीमालक त्या यादीत फारसा आला नाही. आम्ही या पानावर त्यांचा विचार धंद्याच्या बाजूने करीत आहोत. कारण हारतुरे सुकून जातात, वहीत लिहिलेले राहते.

अंतर मोठे, माल थोडा

2011 च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 10 लाख 72 हजार, तर क्षेत्रफळ 14,412 चौरस किलोमीटर. जिल्ह्याचा सुमारे 70 टक्के भाग जंगलाचा. महामारीच्या वेळी साऱ्या जिल्ह्यात रेल्वेचे एकच स्थानक होते, ते देसाईगंजचे, म्हणजे वडशाचे. सिरोंचा, भामरागड, एटापल्ली या तालुक्यांचा सारा भार रस्त्यावर आणि पावसाळ्यात डोंग्यांवर. चंद्रपूरची गोष्ट थोडी वेगळी. तेथे कोळसा, सिमेंट, वीज आणि बल्लारपूरचा कागद यामुळे ट्रकचा धंदा मोठा आहे. पण कारखान्याचा माल वाहणे वेगळे आणि भामरागडला तांदळाची पोती नेणे वेगळे.

उदाहरण म्हणून हिशोब मांडू. नागपूर ते भामरागड एका बाजूने सुमारे 350 किलोमीटर. भरलेला ट्रक लिटरला 5 किलोमीटर देतो असे धरले, तर जाताना 70 लिटर डिझेल लागते. रिकामा ट्रक 7 किलोमीटर देतो असे धरले, तर येताना 50 लिटर. एरवी हे 50 लिटर तांदूळ, बांबू, मोहफूल किंवा मे-जूनमध्ये तेंदूपत्ता यांच्या भाड्यातून वसूल होतात. टाळेबंदीत गोदामे बंद, गिरण्या अडखळलेल्या आणि बिडी कारखाने थंड. परतीचा मालच नाहीसा झाला. डिझेलवरील केंद्रीय कर मे 2020 मध्ये लिटरमागे 13 रुपयांनी वाढला आणि 7 जूनपासून सलग तीन आठवडे पंपावरचा भावही जवळजवळ रोज चढत गेला. तरी गाड्या गेल्या.

रस्ता खुला, पण गॅरेज बंद

25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी झाली. आरंभी फक्त जीवनावश्यक मालाला परवानगी होती. 29 मार्च रोजी सर्व प्रकारच्या मालाला मिळाली. परंतु पंक्चर काढणारा, हवा भरणारा, स्पेअर पार्ट विकणारा आणि ढाब्यावर भाकरी देणारा घरी बसला असेल तर ट्रक किती दूर जाणार? 15 एप्रिलच्या केंद्रीय आदेशात ही अडचण ओळखली गेली. दोन चालक व एक मदतनीस यांच्यासह ट्रक, माल उतरवून परतणारी रिकामी गाडी, महामार्गावरील दुरुस्तीची दुकाने आणि ढाबे या सर्वांना त्यात स्पष्ट मुभा देण्यात आली. रिकामी गाडीसुद्धा अत्यावश्यक सेवेचा भाग आहे, हे शासनाला लिहून द्यावे लागले, ही गोष्ट आपल्या वाहतूकदार बांधवांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

गॅरेजवाले, वेल्डर, टायरवाले, बॅटरीवाले हे आपल्या वाचकांपैकीच आहेत. त्या दिवसांत ज्या कारागिरांनी फोन आल्यावर शटर अर्धे उघडून गाडी रस्त्यावर आणून दिली, त्यांचीही गणना आरोग्यसेवेच्या मदतनीसांत व्हावयास हवी.

धान्य आणि माणसे

एप्रिल 2020 पासून शिधापत्रिकेवरील नेहमीच्या धान्याशिवाय माणशी 5 किलो मोफत धान्य सुरू झाले. याचा अर्थ गोदामातून रास्तभाव दुकानाकडे जाणारा माल बहुतेक कुटुंबांपुरता दुप्पट झाला. गडचिरोलीच्या दुर्गम गावांत पावसाळ्यात वाट तुटते, म्हणून काही महिन्यांचे धान्य पावसाआधीच पोहोचवावे लागते. ते काम त्या वर्षी नेमके टाळेबंदीत आले. पुढे ऑगस्ट 2020 मध्ये पर्लकोटेच्या पुराने भामरागड वेढले गेले आणि महिनाअखेरीस गोसीखुर्दच्या विसर्गाने वैनगंगेकाठच्या गावांत पाणी शिरले. एका वेळी साथ आणि पूर, दोन्ही संकटांत पिकअप, ट्रॅक्टर व डोंगा हीच गावांची आशा होती.

दुसरा प्रश्न माणसांचा. या दोन्ही जिल्ह्यांतील मजूर दरवर्षी मिरची तोडणीसाठी तेलंगणात जातात. टाळेबंदीत ते अडकले आणि अनेक जण नद्या ओलांडून, जंगल तुडवून पायी परतले. मे 2020 मध्ये एस.टी. महामंडळाने राज्यभर मोफत गाड्या सोडून सुमारे 5 लाख श्रमिकांना सीमेपर्यंत व स्थानकांपर्यंत पोहोचविले. खासगी मालवाहू गाड्यांनीही वाटेत माणसे उचलली. त्यामागची दया खरी होती, पण धोकाही तितकाच खरा होता. 16 मे 2020 रोजी उत्तर प्रदेशात औरैया येथे मजुरांनी भरलेल्या ट्रकच्या अपघातात चोवीसहून अधिक जीव गेले. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. अशा वेळी माणसे न्यावयाची असतील तर प्रशासनाचा लेखी आदेश आणि प्रवासी गाडी, हाच मार्ग.

प्राणवायू : येथे परतीची फेरी हीच जीवनरेषा

गडचिरोलीत मे 2020 च्या मध्यापर्यंत एकही रुग्ण नव्हता. एप्रिल 2021 मध्ये मात्र दुसऱ्या लाटेने विदर्भाचा श्वास कोंडला. एक टन द्रव प्राणवायूपासून साधारण शंभर मोठी सिलिंडर भरतात. मोठ्या शहरात टँकर थेट रुग्णालयाच्या टाकीशी लागतो. तालुक्याच्या रुग्णालयाला सिलिंडर पिकअपमधून जाते आणि रिकामे सिलिंडर भरण्यासाठी त्याच गाडीने परत यावे लागते. रिकामे सिलिंडर वेळेवर परतले नाही, तर उद्याचा रुग्ण प्राणवायूवाचून राहतो. लसीचेही तसेच. 16 जानेवारी 2021 पासून लसीकरण सुरू झाले. लस 2 ते 8 अंश तापमानात न्यावी लागे आणि न उघडलेल्या कुप्या संध्याकाळी शीतपेटीतून केंद्रावर परत आणाव्या लागत. म्हणजे ज्या परतीच्या फेरीला बाजारात भाव नव्हता, तिच्यावर आरोग्यसेवा उभी होती.

या दोन जिल्ह्यांतील गंभीर रुग्णाची शेवटची धाव नागपूरकडे असते. तेथील वाहतूक व्यावसायिक प्यारे खान यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. एके काळी रेल्वे स्थानकाबाहेर संत्री विकणारे व ऑटोरिक्षा चालविणारे प्यारे खान यांनी 2004 मध्ये कर्ज काढून ट्रक घेतला आणि पुढे मोठा व्यवसाय उभा केला. एप्रिल 2021 मध्ये, रमजान महिन्यात, टँकरचे भाडे कित्येक पट वाढलेले असताना त्यांनी बंगळूरपर्यंत शोध घेऊन टँकर मिळविले. नागपूर परिसरातील रुग्णालयांसाठी सुमारे 400 टन प्राणवायूच्या वाहतुकीवर त्यांनी सुमारे 85 लाख रुपये खर्च केल्याची नोंद वृत्तपत्रांनी घेतली. शासनाने देऊ केलेला मोबदला त्यांनी नाकारला आणि ही आपली जकात आहे असे सांगितले. 2024 मध्ये त्यांची राज्य अल्पसंख्याक आयोगाच्या अध्यक्षपदी नेमणूक झाली.

यातून धंद्याने घ्यावयाचा बोध पैशापुरता नाही. प्राणवायूचा टँकर चालविण्यास धोकादायक मालाचे प्रशिक्षण आणि परवान्यावर तशी नोंद लागते. असा चालक कोठे आहे, कोणता मालक शब्द पाळतो, कोणत्या रस्त्याने किती तास लागतात, ही माहिती वर्षानुवर्षांच्या व्यवहारातून मिळते. वाहतूकदाराची खरी पुंजी हीच आहे आणि लहान मालकाकडेही ती असते.

दान वेगळे, भाडे वेगळे

परंतु प्रत्येक मालकाला 85 लाख सोडता येत नाहीत. ज्याच्याकडे एकच पिकअप आहे आणि डोक्यावर हप्ता आहे, त्याच्याकडून समाजाने व प्रशासनाने फुकट फेरीची अपेक्षा धरू नये. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट 2020 हप्त्यांना सवलत दिली खरी, पण व्याज चालूच राहिले. 2 कोटींपर्यंतच्या कर्जावर नंतर परत मिळाले ते फक्त व्याजावरील व्याज. एप्रिल 2021 मध्ये राज्य शासनाने रिक्षाचालकांना 1500 रुपये जाहीर केले, तेही परवानाधारकांना. परवाना ज्याच्या नावावर, मदत त्याच्या खात्यात. दुसऱ्याची रिक्षा रोजाने चालविणारा बाहेरच राहिला.

चालकाच्या जिवाचा प्रश्न तर याहून मोठा. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी केंद्राने मार्च 2020 मध्ये 50 लाखांचे विमा संरक्षण जाहीर केले. धान्याचा ट्रक चालविणारा त्यात नव्हता.

म्हणून पुढील संकटाची वाट न पाहता वाहतूकदार व कारागीर बांधवांनी काही गोष्टी आजच कराव्यात असे आम्हाला वाटते.

1. गाडी मागितली तर आदेश लेखी घ्यावा. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 च्या कलम 65 प्रमाणे शासन वाहन ताब्यात घेऊ शकते. पण कलम 66 प्रमाणे त्या भागातील चालू भाड्याच्या आधारे मोबदला देणेही बंधनकारक आहे. रक्कम मान्य नसल्यास ठरलेल्या मुदतीत अर्ज करून लवादाकडे जाता येते.

2. दर ठरविताना परतीची फेरी, थांबण्याचे दिवस आणि चालकाचे जेवण स्वतंत्र लिहावे. निघताना व परतल्यावर किलोमीटरची नोंद करून सही घ्यावी.

3. परवाना, फिटनेस व विमा मुदतीत ठेवावा. त्या काळात सरकारने कागदपत्रांची मुदत वेळोवेळी वाढवून ऑक्टोबर 2021 पर्यंत नेली. तशी सवलत दरवेळी मिळेलच असे नाही.

4. केवळ अपघात विम्यावर विसंबू नये. साथीने मृत्यू आल्यास अपघात विमा कामाला येत नाही. आजारानेही मृत्यू झाल्यास 2 लाख देणारी जीवनज्योती योजना वेगळी आहे. ज्यांना विम्याबाबत शरई शंका असेल, त्यांनी संघटनेतर्फे चालकांसाठी सहाय्यता निधी उभारावा. प्रत्येक फेरीमागे थोडी रक्कम बाजूला काढली तरी तो उभा राहतो.

5. तालुक्यातील गाड्या, प्रशिक्षित चालक आणि गॅरेज यांची यादी करून संघटनेने ती दर उन्हाळ्यात, पावसाळ्यापूर्वी, तहसील व आरोग्य कार्यालयाला द्यावी.

जे दान द्यावयाचे ते मनापासून द्यावे आणि दानाच्या वहीत लिहावे. जे भाडे आहे ते भाड्याच्या वहीत लिहावे व निःसंकोच मागावे. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा ही शिकवण आपल्याला कुरआनातच, सूरह बकराच्या 282 व्या आयतीत मिळाली आहे. दोन्ही वह्या वेगळ्या राहिल्या, तर दानाची प्रतिष्ठा राहील आणि गाडीही रस्त्यावर राहील. भामरागडच्या रुग्णाला आणि गडचिरोलीच्या आशा सेविकेला पुढच्या वेळी त्याच गाडीची गरज लागणार आहे. ती गाडी हप्त्यापायी विकली गेलेली नसावी, एवढी काळजी तरी आपण सर्वांनी मिळून घेतली पाहिजे.