'डेबिटेड' दिसलं, पण पैसे खरंच गेले का?



मोबाईल बँकिंगच्या प्रशिक्षणात मी फळ्यावर दोन शब्द लिहिले होते. क्रेडिट म्हणजे जमा, डेबिट म्हणजे कापले. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं आणि मीही समाधानाने घरी गेले. पण माझं ते शिकवणं अर्धवट होतं. ते मला एका ताईंच्या नुकसानीनंतर कळलं.

या ताईंनी शिलाई मशीनसाठी कर्ज घेतलेलं. हप्ता २,१५० रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेला खात्यातून आपोआप जातो. ३ तारखेला मेसेज आला. त्यात हप्त्याची रक्कम होती आणि 'डेबिटेड' हा शब्द होता. ताईंनी वहीतलं आठवलं, डेबिट म्हणजे कापले. म्हणजे हप्ता गेला, आता खात्यात उरलेत ते आपले. त्यांनी दोन हजार काढले आणि मुलाची फी भरली. ५ तारखेला हप्ता बाऊन्स झाला. दंड लागला, दंडावर जीएसटी लागला, आणि "मी तर कधी हप्ता चुकवला नाही" म्हणत ताई रडवेल्या होऊन माझ्याकडे आल्या. मेसेज उघडून बघितला तर त्यात स्पष्ट लिहिलं होतं, 'विल बी डेबिटेड'. कापले नव्हते, कापणार होते.

आता हे नीट बघू या. बँकेच्या मेसेजमध्ये दोन प्रकार नेहमी येतात.

'हॅज बीन डेबिटेड' म्हणजे पैसे कापले गेले. काम झालं.
'विल बी डेबिटेड' म्हणजे पैसे कापले जातील. काम अजून व्हायचंय.

शेवटचा शब्द दोन्हीकडे तोच. फरक आहे तो आधीच्या छोट्या शब्दांत, आणि नेमके तेच आपण वगळतो. याला कारण आहे. मराठीत काम झालं की व्हायचंय हे वाक्याच्या शेवटी कळतं. 'कापले गेले', 'कापले जातील', यात 'कापले' सारखंच आहे, पुढचं 'गेले' नि 'जातील' ऐकून आपल्याला समजतं. इंग्रजीत हेच काम आधीचा शब्द करतो. आपली नजर सवयीने शेवटी जाते, तिथे 'डेबिटेड' दिसतं आणि आपण थांबतो.

आमच्या एका सीआरपी ताईंनी चांगली शंका काढली. "शाळेत शिकवलं होतं की शब्दाच्या शेवटी 'एड' आलं की भूतकाळ. मग इथे का नाही?" बरोबर आहे त्यांचं. पण 'विल बी' पुढे आलं की तो 'एड' काळ सांगत नाही. आपल्या 'कापले जातील' मधलं 'कापले' जसं, तसंच ते.

म्हणून मेसेज आला की आधी 'विल' शोधा. डब्ल्यू, आय, एल, एल अशी चार अक्षरं. ती दिसली की गोष्ट पुढची आहे, तारीख बघा आणि त्या तारखेपर्यंत खात्यात तेवढे पैसे ठेवा. काही बँका 'हॅज बीन' ऐवजी 'इज डेबिटेड' किंवा नुसतंच 'डेबिटेड' लिहितात. त्याचा अर्थ कापले असाच घ्यायचा.

यूपीआय ऑटोपे किंवा कार्डावर दर महिन्याला काही आपोआप कापलं जात असेल, तर कापण्याच्या किमान २४ तास आधी तसा मेसेज यायला हवा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे 'विल बी' वाला मेसेज आपल्या सोयीसाठीच असतो. नको असलेलं काही असेल तर तेवढ्या वेळात बंद करता येतं. मुलांनी मोबाईलवर कसलं तरी सबस्क्रिप्शन घेऊन ठेवलेलं असतं, ते असंच सापडतं!

तिसरा एक प्रकार आहे, 'कुड नॉट बी डेबिटेड'. म्हणजे कापायचे होते, पण कापता आले नाहीत. हा मेसेज वाचून काहींना बरं वाटतं, पैसे वाचले म्हणून. पण जीवन ज्योती विम्याचं उदाहरण घ्या. वर्षाचे ४३६ रुपये मे महिन्यात खात्यातून जातात आणि १ जून ते ३१ मे असं विम्याचं वर्ष चालतं. सुरक्षा विम्याचे २० रुपयेही तसेच. खात्यात पैसे नसतील तर हप्ता कापला जात नाही, विमा चालू राहत नाही. पुढे घरात काही वाईट घडलं तर दोन लाखांचा दावा करायला जागाच उरत नाही. मे महिन्यात असा 'नॉट' वाला मेसेज आला तर त्याच आठवड्यात खात्यात पैसे भरा आणि बँक सखीला सोबत घेऊन बँकेत विचारा.

जमा होण्याच्या मेसेजलाही हेच लागू. 'हॅज बीन क्रेडिटेड' म्हणजे जमा झाले, 'विल बी क्रेडिटेड' म्हणजे होतील. एटीएममधून नोटा बाहेर आल्या नाहीत पण खात्यातून रक्कम गेली, असं कधी होतं. मग 'विल बी क्रेडिटेड' असा मेसेज येतो. अशा वेळी त्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत पैसे परत जमा व्हायला हवेत, आणि त्याहून उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. तेव्हा तो मेसेज आणि एटीएमची पावती जपून ठेवा, पुसून टाकू नका.

इथे एक सांगायलाच हवं. इंग्रजी बरोबर वाचता आलं म्हणजे मेसेज खरा, असं नाही. फसवणारे लोक 'हॅज बीन क्रेडिटेड' एकदम शुद्ध लिहितात. अनोळखी मोबाईल नंबरवरून मेसेज येतो, तुमच्या खात्यात २०,००० जमा. लगेच फोन येतो, "ताई, दोन हजार पाठवायचे होते, चुकून वीस हजार गेले, दवाखान्याचे पैसे आहेत हो, अठरा परत करा." आपण कळवळतो आणि पाठवतो. प्रत्यक्षात जमा काहीच झालेलं नसतं. बँकेचा मेसेज दहा आकडी मोबाईल नंबरवरून येत नाही, तो बँकेच्या नावाच्या अक्षरांनी येतो. तरीही खात्री मेसेजवरून करू नका, शिल्लक बघूनच करा. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे तुमचे पैसे जाणार.

शेवटचं, मेसेजच्या तळाशी असतं ते 'इफ नॉट डन बाय यू'. म्हणजे हे तुम्ही केलं नसेल तर. 'हॅज बीन डेबिटेड' मध्ये कापले हे कळतं, कोणी कापायला लावले ते कळत नाही. तुम्ही केलं नसेल तर बाजारहाट आटोपून मग बघू असं करू नका. बँकेला लगेच कळवा, नंबर पासबुकवर असतो. फसवणूक असेल तर १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

ज्या ताईंचा हप्ता चुकला, त्यांनी आता मोबाईलच्या कव्हरमागे 'विल = जातील' अशी चिठ्ठी चिकटवली आहे. माझ्या प्रशिक्षणाच्या फळ्यावरही आता दोन शब्दांऐवजी पूर्ण वाक्यं असतात. पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीने आपल्या मोबाईलमधला एक न समजलेला बँकेचा मेसेज घेऊन या, इतिवृत्त लिहून झालं की अर्धा तास तेच वाचू. ओटीपीचा मेसेज मात्र कोणालाही दाखवायचा नाही, मलासुद्धा.