कोंबडीला घाम येत नाही!

मे महिन्याच्या दुपारी नागपूरच्या रामदासपेठेत रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. ऐकू येते ती घरोघरच्या कूलरची घरघर. २३ मे २०१३ रोजी तर नागपुरात पारा ४७.९ अंश सेल्सिअसवर गेला होता. आपण वाळ्याच्या पडद्याआड बसतो. पण शहराबाहेरच्या शेतात टिनाच्या खुराड्यात दहा-बारा कोंबड्या असतात, त्यांचे काय?

खेड्यातून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने मला एकदा विचारले, "सर, मे महिन्यात आम्ही खुराड्यात पाणी शिंपडले, कोंबड्या वाचल्या. मृग लागल्यावर ऊन कमी झाले, पाणीही शिंपडत होतो. तरी चार कोंबड्या दगावल्या. असे का?" या प्रश्नाचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे.

शरीरातील उष्णता बाहेर जाण्याचे मार्ग चार : वहन, अभिसरण, प्रारण आणि बाष्पीभवन. उष्णता नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते, हे तुम्ही शिकलाच आहात. कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश असते. हवा ४५ अंशांवर गेली आणि वरचा टिन हात लावता येणार नाही इतका तापला, की पहिले तीन मार्ग उलटे चालू लागतात. उष्णता बाहेर जाण्याऐवजी आत येते. उरते केवळ बाष्पीभवन.

माणसाला घाम येतो, कोंबडीला घर्मग्रंथीच नाहीत. म्हणून ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते. घशातील व श्वासमार्गातील ओलावा वाफ होऊन जातो आणि जाताना उष्णता घेऊन जातो.

आता थोडे गणित करू. दोन किलो वजनाची अंडी देणारी कोंबडी सुमारे १० वॅट उष्णता निर्माण करते, म्हणजे तासाला ३६,००० ज्यूल. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० ज्यूल लागतात. भागाकार करा, उत्तर येते १५ ग्रॅम. म्हणजे दहा कोंबड्यांना दुपारच्या सहा तासांत केवळ थंड राहण्यासाठी ९०० ग्रॅम, जवळजवळ एक लिटर पाणी लागते! बाहेरून आत येणारी उष्णता यात धरलेलीच नाही. भांडे दुपारी कोरडे पडले तर काय होईल, ते वेगळे सांगायला नको.

आता त्या विद्यार्थ्याचे कोडे. दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याभोवती ओला फडका गुंडाळा आणि दोन्ही सावलीत, वाऱ्यावर टांगा. मे महिन्यात हवा ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओला तापमापक सुमारे २४ अंश दाखवील. पावसाळ्याच्या आरंभी हवा ३५ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर तोच ३२ अंशांच्या आसपास थांबेल. दमट हवेत बाष्पीभवन मंदावते. तेव्हा शिंपडलेल्या पाण्याने खुराडे फारसे थंड होत नाही. उलट आर्द्रता वाढते आणि कोंबडीच्या धापाही कमी उपयोगी पडतात. तिचा मुख्य मार्गच अरुंद होतो.

मग करावे काय? कोरड्या उन्हाळ्यात खुराड्याच्या बाजूंना ओली पोती टांगावीत, पण वारा खेळता ठेवावा. दमट दिवसांत पोती काढावीत, शिंपणे थांबवावे आणि जाळीच्या बाजू मोकळ्या करून भरपूर वारा येऊ द्यावा. टिनाला वरून चुना लावावा. पांढरा पृष्ठभाग सूर्याचे प्रारण परत पाठवतो. त्यावर तणस किंवा तुराट्या पसराव्यात. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन लांब बाजूंवर पडत नाही. पचनातूनही उष्णता निर्माण होते. म्हणून दाणा पहाटे आणि संध्याकाळी द्यावा. पाण्याची भांडी सावलीत, एकाहून अधिक असावीत. आणि दाटी नको. प्रत्येक कोंबडी म्हणजे शेजारणीसाठी दहा वॅटची शेगडीच!

धापा फुकट पडत नाहीत. जोरजोरात श्वास घेताना रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि अंड्याचे कवच पातळ बनते. तेव्हा पातळ कवचाचे अंडे ही कोंबडीची तक्रार समजावी.

गोठ्यातही हेच नियम चालतात. आपल्या नागपुरी म्हशीची काळी कातडी ऊन शोषते आणि तिला घामही कमी येतो. म्हणून तिला डुंबायला पाणी हवे. पांढऱ्या गवळाऊ गाईला ऊन त्या मानाने सोसते, पण सावली तिलाही हवीच.

१९६५ साली ब्रिटनमधील ब्रॅम्बेल समितीने म्हटले, की पाळीव प्राण्याला उभे राहता, बसता, वळता, अंग साफ करता आणि अवयव ताणता आले पाहिजेत. त्याच्या पाच वर्षे आधी, १९६० साली, भारताने प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा केला होता. पाळलेल्या प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हा त्यानुसार गुन्हा आहे.

मात्र कायद्याचे पुस्तक खुराड्यापर्यंत पोहोचत नाही. तुम्ही पोहोचू शकता. या सुटीत दोन तापमापक आणि एक ओला फडका घेऊन तेथे जा. कोंबड्या चोच उघडून उभ्या असतील, तर आधी त्यांचे पाण्याचे भांडे भरा. आकडे नंतर लिहा.