भुलाबाई गुलाबीच का? छोट्या मूर्तीला त्वचेचा खरा रंग कसा द्यायचा?

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत वर्धा जिल्ह्यासह विदर्भातल्या अनेक घरांत भुलाबाई-भुलोजीच्या मातीच्या मूर्ती मांडल्या जातात. मूर्ती जेमतेम वीतभर, चेहरा अंगठ्याएवढा. कच्ची मूर्ती आणून मुलांसोबत घरीच रंगवायची म्हटले, की साडी, दागिने, फेटा सहज जमतात. अडते ते चेहऱ्यावर. रंगपेटीतला ‘स्किन कलर’ लावला, की मूर्ती गुलाबी दिसते. मग आपल्या आजूबाजूच्या माणसांसारखा रंग मिळवायचा कसा?

रंगपेटीतला ‘स्किन’ नेमका कोणाचा?

या नावाने मिळणारा रंग साधारणपणे पांढऱ्यात थोडा लाल आणि नारंगी मिसळून केलेला असतो. तो जगातल्या थोड्याच लोकांच्या त्वचेशी जुळतो. अमेरिकेत क्रेयोला कंपनीने ‘फ्लेश’ म्हणजे ‘त्वचा’ हे खडूचे नाव 1962 मध्ये बदलून ‘पीच’ केले. पुढे 2020 मध्ये तिने त्वचेच्या 24 छटांची वेगळी पेटीच काढली. आपल्याकडे मात्र ‘जरा स्किन दे’ म्हटले, की आजही वर्गात तोच फिकट गुलाबी खडू पुढे येतो. भुलाबाईची लोककथा तर पार्वतीने भिल्लिणीचे रूप घेऊन रुसलेल्या शंकराला भुलवल्याची आहे. रानात वावरणारी ही भिल्लीण मूर्तीत मात्र बहुतेकदा गुलाबी होते. रंगवणाऱ्या मुलीलाही त्यातून नकळत कळते, की सुंदर दिसायचे तर आपल्यासारखे दिसून चालणार नाही.

त्वचेचा मूळ रंग कोणता?

सर्वच माणसांची त्वचा एका तपकिरी रंगाच्या फिकट-गडद छटा आहे, असे म्हणता येईल. त्वचेतले मेलॅनिन तिला तपकिरी करते, तर खालून वाहणारे रक्त तांबूस झाक देते. चित्रकाराच्या भाषेत तपकिरी म्हणजे मंद केलेला, गडद नारंगी. म्हणून त्वचेचा रंग बनवताना सुरुवात गुलाबीपासून न करता नारंगी-तपकिरीपासून करावी. उजळ हवा असेल तर तो फिकट करत जावे, सावळा हवा असेल तर गडद. दोन्ही वाटांवर सुरुवात एकच.

मिश्रणाचे प्रमाण काय?

पोस्टर कलर किंवा ॲक्रिलिकमध्ये यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन ब्लू आणि पांढरा, एवढे पाच रंग पुरतात. पुढची प्रमाणे सुरुवातीसाठी आहेत. कंपनीनुसार रंगाचा जोर बदलतो, तेव्हा थोडे कमी-जास्त करावे लागेल.

गव्हाळ : यलो ऑकर 2 भाग, बर्न्ट सिएना 1 भाग, पांढरा 2 भाग.
सावळा : बर्न्ट सिएना 2 भाग, यलो ऑकर 1 भाग, ब्रशच्या टोकावर येईल एवढा निळा.
गडद : बर्न्ट अंबर 2 भाग, बर्न्ट सिएना 1 भाग, टोकभर निळा.
गोरा : पांढरा 4 भाग, यलो ऑकर 1 भाग, बर्न्ट सिएना अर्धा भाग.

पेटीत हे रंग नसतील तरी अडत नाही. 2 भाग पिवळ्यात 1 भाग लाल घालून नारंगी करावा. त्यात थेंबाथेंबाने निळा सोडला, की तपकिरी तयार होतो. मग हवा तेवढा पांढरा घालावा.

काळा रंग का टाळायचा?

गडद छटेसाठी सरळ काळा घालणे ही नेहमीची चूक. काळा पिवळ्यात मिसळला, की हिरवट झाक येते आणि चेहरा आजारी दिसतो. निळा हा नारंगीच्या विरुद्ध बाजूचा रंग. त्यामुळे तो नारंगीचा भडकपणा मारतो आणि छटाही गडद करतो. उलट बाजूने पांढऱ्याचाही अतिरेक नको. पांढरा जास्त झाला, की त्वचा खडू फासल्यासारखी होते. थोडी उजळ छटा हवी असेल तर आधी यलो ऑकर वाढवून पाहावा, पांढऱ्याकडे नंतर वळावे.

छोट्या मूर्तीला एकच रंग का पुरत नाही?

खऱ्या चेहऱ्यावर नाकाची, हनुवटीची सावली आपोआप पडते. अंगठ्याएवढ्या चेहऱ्यावर ती इतकी लहान असते, की हातभर अंतरावरून दिसतच नाही. म्हणून ही सावली रंगवावी लागते. तीन छटा पुरेशा आहेत. आधी सगळीकडे मूळ छटा. ती वाळल्यावर हनुवटीखाली, नाकाच्या बाजूला, बोटांच्या मध्ये आणि केसांच्या कडेला मूळ रंगात बर्न्ट सिएना व किंचित निळा घालून केलेली गडद छटा. शेवटी कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचे हाड आणि बोटांच्या पेरांवर उजळ छटा. सावळ्या चेहऱ्यावर ही उजळ छटा पांढऱ्याने न करता यलो ऑकर आणि थोड्या नारंगीने करावी, म्हणजे चेहऱ्याला तेज येते आणि राख फासल्यासारखा दिसत नाही.

थोडे बारकावेही उपयोगी पडतात. गाल, नाक आणि कान किंचित तांबूस असतात. सावळ्या माणसाचेही तळहात आणि तळपाय उजळ असतात. ओठांना लाल रंग थेट न लावता मूळ छटेतच थोडा लाल घालावा. डोळ्यांचा पांढराही निव्वळ पांढरा नको, त्यात कणभर त्वचेचा रंग घालावा.

सेवाग्रामच्या बापूंचा रंग कोणता?

सरावासाठी वर्धेकरांना गांधीजींच्या छोट्या पुतळ्याइतका चांगला विषय नाही. त्यात कपडा कमी आणि त्वचा जास्त असते. गांधीजी 1936 मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले तेव्हा 66 वर्षांचे होते. त्या काळातली त्यांची बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल आहेत, त्यामुळे रंग ठरवण्याचे काम रंगवणाऱ्यावरच येते. बाजारी पुतळ्यांवर तो अनेकदा एकसारखा गुलाबी लावलेला असतो. वयस्क माणसाच्या अंगावर मात्र सगळीकडे एकच छटा नसते. गव्हाळ मिश्रणात थोडा बर्न्ट अंबर घालून सुरुवात करावी. डोके, खांदे आणि हात उन्हाने रापलेले म्हणून गडद ठेवावेत. फासळ्यांच्या आणि गळ्याच्या खळग्यांत सावली द्यावी.

विसर्जन करायचे असेल तर?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत मूर्तींसाठी नैसर्गिक माती आणि नैसर्गिक रंगांचा आग्रह आहे, विषारी रासायनिक रंगांना नकार आहे. त्वचेच्या रंगासाठी हे अवघड नाही. गेरू म्हणजे लोहयुक्त लाल माती, तिचाच पिवळा प्रकार म्हणजे रामरज किंवा पिवळी माती. पांढऱ्यासाठी खडू किंवा खडी, गडदपणासाठी अगदी चिमूटभर कोळशाची पूड. हे जिन्नस वस्त्रगाळ करून बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवावेत. डिंक कमी पडला तर रंग हाताला लागतो, जास्त झाला तर पापुद्रे सुटतात. हळद मात्र जपून वापरावी. ती उजेडात फिकी पडते आणि महिनाभर मांडलेल्या भुलाबाईचा रंग कोजागरीपर्यंत बदललेला दिसतो.

रंग जुळला की नाही, हे कसे ओळखायचे?

ओला आणि वाळलेला रंग सारखा दिसत नाही. ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतो. मातीवरचा गेरू पाणी सुकल्यावर फिका पडतो. म्हणून आधी मातीच्या तुकड्यावर किंवा मूर्तीच्या पाठीमागे ठिपका देऊन पूर्ण वाळू द्यावा. मग तो खिडकीशी दिवसाच्या उजेडात पाहावा, कारण एलईडी दिव्याखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा दिसू शकतो. सर्वात सोपा नमुना घरातच असतो. मूर्तीशेजारी आपल्या मनगटाची आतली आणि बाहेरची बाजू ठेवून पाहावी. आतली बाजू उजळ छटेचा अंदाज देते, तर उन्हात राहिलेली बाहेरची बाजू मूळ छटेचा. घरातल्या मुलीच्या मनगटाशी जुळवलेला रंग भुलाबाईला लावून पाहायला यंदा हरकत नाही.