दुसरी केबल कुठून जाते?

३१ मार्च १९९३. उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात पहाटे साडेतीनच्या सुमारास पहिल्या युनिटच्या टर्बाइनची शेवटच्या टप्प्यातली दोन पाती तुटली. तोल गेलेला तो अजस्र रोटर असा थरथरू लागला की शेजारच्या जनित्राची सील निकामी झाली. जनित्र थंड ठेवणारा हायड्रोजन बाहेर पडला आणि पेटला. कर्मचाऱ्यांनी ३९ सेकंदांत अणुभट्टी हाताने ट्रिप केली. इथवर सगळं नियमावलीबरहुकूम झालं.

पुढचं मात्र नियमावलीत नव्हतं. आग केबलच्या वाटेने आत शिरली आणि काही मिनिटांत केंद्राची वीज गेली. नेहमीची गेली, तशीच आणीबाणीसाठी राखलेलीही गेली. डिझेल जनित्रं होती, बॅटऱ्या होत्या. पण त्यांची वीज पंपांपर्यंत न्यायला केबलच शिल्लक नव्हती. मुख्य आणि पर्यायी अशा दोन्ही पुरवठ्यांच्या केबल काही ठिकाणी एकाच मार्गाने नेलेल्या होत्या आणि मध्ये आग अडवणारा पुरेसा आडोसा नव्हता. नियंत्रण कक्षात धूर भरला, कर्मचाऱ्यांना तो सोडावा लागला. केंद्र सुमारे १७ तास अंधारात होतं.

अणुभट्टी बंदच केली होती, मग विजेची एवढी निकड कशाला? बंद केल्यावर युरेनियमच्या अणूंचं विभाजन थांबतं. उष्णता थांबत नाही. विभाजनातून तयार झालेली किरणोत्सारी द्रव्यं तापतच राहतात. बंद झाल्याक्षणी ही उष्णता पूर्ण शक्तीच्या सहा टक्क्यांच्या आसपास असते, तासाभराने दीड टक्क्यापर्यंत उतरते. टक्केवारी किरकोळ वाटेल. पण नरोरासारख्या भट्टीत एरवी सुमारे ७५० मेगावॉट उष्णता निर्माण होते, म्हणजे पहिल्या क्षणांचा हिशेब ४५ मेगावॉटच्या घरात जातो. ती काढून न्यायला पाणी हवं, पाण्याला पंप हवेत आणि पंपांना वीज.

नरोरात जे तरलं, ते माणसांच्या प्रसंगावधानामुळे. आग विझवण्याचे पंप डिझेल इंजिनावर चालणारे होते, त्यांना वीज लागत नव्हती. तेच सुरू करून त्यांचं पाणी वाफ-जनकांकडे वळवलं गेलं. भट्टीतलं जड पाणी तापमानातल्या फरकामुळे आपोआप फिरत राहिलं. काही जण हातात टॉर्च घेऊन अंधारात वर चढले आणि बोरॉनचं द्रावण भट्टीत सोडणाऱ्या झडपा त्यांनी हाताने उघडल्या. इंधनाला धक्का लागला नाही. अणुघटनांच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर या घटनेची नोंद तिसऱ्या पातळीवर झाली.

कागदावर पाहिलं तर अशा केंद्रात विजेची कमतरता नसते. आपल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांमध्ये पुरवठ्याचे चार वर्ग असतात. चौथा वर्ग ग्रिडचा आणि केंद्राच्या स्वतःच्या जनित्राचा. तो गेला की तिसरा, डिझेल जनित्रांचा. दुसरा वर्ग इन्व्हर्टरमधून येणाऱ्या अखंड विजेचा आणि पहिला थेट बॅटऱ्यांचा. शिवाय प्रत्येक महत्त्वाच्या उपकरणाला जोडीदार असतो. पण दोन चाव्या करून दोन्ही एकाच जुडग्यात अडकवल्या, तर जुडगा हरवेपर्यंतच निर्धास्त राहता येतं. अणुवीज केंद्रांतल्या मोठ्या विद्युत बिघाडांचा इतिहास बराचसा अशा जुडग्यांचाच आहे.

नरोराच्या अठरा वर्षं आधी, २२ मार्च १९७५ रोजी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या ब्राउन्स फेरी केंद्रात हाच धडा मिळाला होता. भिंतीतून केबल जातात तिथल्या फटी बुजवण्याचं काम चालू होतं. हवा गळते का, हे पाहायला कामगार मेणबत्तीची ज्योत धरत, आणि भरण होतं ज्वलनशील फोमचं! सुमारे १,६०० केबल जळाल्या. विजेची आग म्हणून पाणी मारायचं की नाही यात बराच वेळ गेला; पाणी मारल्यावर ती लवकर आटोक्यात आली. त्यानंतर अमेरिकेत सुरक्षेच्या दोन पुरवठ्यांच्या केबल वेगळ्या ठेवण्याचे सक्त नियम झाले. ते नियम नरोराच्या बांधकामात वेळेवर उतरले असते, तर ती पहाट वेगळी असती, असं म्हणायला जागा आहे.

फुकुशिमाची गोष्ट त्सुनामीची म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेच. पण तिच्यात एक तपशील स्विचगिअरचा, म्हणजे वीज पुढे वाटणाऱ्या पॅनेलांचा आहे. मार्च २०११ मध्ये तळघरांतली डिझेल जनित्रं पाण्याखाली गेली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. दुसऱ्या आणि चौथ्या युनिटची हवेने थंड होणारं एकेक जनित्र मात्र वेगळ्या इमारतीत होतं आणि ते बुडालं नव्हतं. पण त्यांची वीज ज्या पॅनेलमधून जायची, ती पॅनेल तळघरात होती. यंत्र धडधाकट, वाट बंद. याउलट सहाव्या युनिटचं उंचावरचं, हवेने थंड होणारं एक जनित्र आणि त्याचं पॅनेल दोन्ही वाचली. त्या एकट्याने पाचवं आणि सहावं युनिट सांभाळलं. पहिल्या दोन युनिटमधले मापक वाचता यावेत म्हणून कर्मचाऱ्यांनी मोटारींच्या बॅटऱ्या काढून आणून जोडल्या.

आग आणि पाणी निदान दिसतं. स्वीडनमधल्या फोर्समार्क केंद्रात जे घडलं त्याला ना धूर होता ना लाट. २५ जुलै २००६ रोजी बाहेरच्या ४०० किलोव्होल्टच्या स्विचयार्डात देखभालीचं काम सुरू असताना शॉर्ट सर्किट झालं. केंद्रात क्षणभर जादा विद्युतदाबाचा झटका आला. अखंड वीज देणारे चार संच होते, त्यांतले दोन स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडले. चार डिझेल जनित्रं सुरू झाली खरी, पण त्यांतली दोन जोडलीच गेली नाहीत, कारण ‘वेग पुरेसा आला’ हे सांगणारा संकेत त्या बंद पडलेल्या संचांच्याच विजेवर चालत होता. सुमारे २२ मिनिटांनी कर्मचाऱ्यांनी ती हाताने जोडली. इथे चारही संच वेगवेगळ्या जागी होते. सारखं होतं ते त्यांचं डिझाइन.

अमेरिकेत इलिनॉयमधल्या बायरन केंद्रातला बिघाड तर आणखी गुपचूप होता. ३० जानेवारी २०१२ रोजी चिनी मातीचा एक इन्सुलेटर तुटून तीनपैकी एक फेज गेला. दोन रिले एकाच वेळी ‘दाब कमी आहे’ म्हणाले तरच पुरवठा बदलेल, अशी रचना होती. एकालाच ते जाणवलं. मोटारी दोन फेजवर तापून एकेक ट्रिप होत राहिल्या. शेवटी कर्मचाऱ्यांनी सुमारे आठ मिनिटांनी स्वतःच ग्रिड तोडलं, तेव्हा डिझेल जनित्रांनी भार घेतला.

म्हणूनच अशा केंद्रातल्या देखभालीचं काम नुसतं साफसफाई आणि तेलपाणी नसतं. राखीव डिझेल जनित्र वर्षभर बहुतेक वेळ उभंच असतं. ते ठरल्या मुदतीने सुरू करून त्याच्यावर प्रत्यक्ष भार टाकावा लागतो. बॅटरीचा नुसता व्होल्टेज पाहून भागत नाही. ती भाराखाली रिकामी करून किती टिकते हे मोजावं लागतं, कारण म्हातारी बॅटरीही मीटरवर तरुण दिसते. जोडण्या सैल होऊन तापताहेत का, हे उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने कळतं. इन्सुलेशन तपासायला मेगर हे उपकरण असतंच. केबलचं दुखणं वेगळं. उष्णता आणि किरणोत्सार यांनी तिचं आवरण वर्षानुवर्षं कडक होत जातं. विजेच्या चाचणीत ती पास होते आणि अपघातातल्या तप्त वाफेत नेमकी तडकते. त्यामुळे तिच्या नमुन्यांना आधीच कृत्रिमरीत्या म्हातारं करतात, किरणोत्साराचा मारा देतात आणि वाफेत ठेवून पाहतात.

दुरुस्ती स्वतःही उपद्रव करते. उघडलेला ब्रेकर नीट न बसणं, चाचणीसाठी काढलेली वायर तशीच राहणं, रिलेचं सेटिंग एका ठिकाणी चुकलं की तीच चूक पाठोपाठ सगळीकडे होणं, असे प्रकार यात येतात. एकाच माणसाने एकाच पाळीत दोन्ही जोडीदार खोलले, तर दोघांतही तोच दोष शिरू शकतो. त्यावर उपाय साधा पण वेळखाऊ आहे: एक संच दुरुस्त करून, चालवून, तपासून झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, आणि जमेल तिथे माणसंही बदलायची. हिशेबनीसाला हा विलंब उधळपट्टी वाटतो.

पालघर जिल्ह्यातल्या तारापूरची पहिली दोन युनिटं १९६९ मध्ये वीज देऊ लागली, म्हणजे ब्राउन्स फेरीच्या आगीआधी सहा वर्षं. पुरवठे वेगळे ठेवण्याचे आजचे दंडक तेव्हा जन्मले नव्हते. २००५-०६ मध्ये ही युनिटं बंद ठेवून केलेल्या सुधारणांत जादा क्षमतेची तीन नवी डिझेल जनित्रं बसवली गेली आणि दोन्ही युनिटांचे वीजपुरवठे एकमेकांपासून अलग केले गेले.