आय मार्क सेन्सर: पाकिटावरची रंगखूण ओळखणारे उपकरण

पाकिटाच्या फिल्मवर छापलेली रंगीत खूण टिपून पॅकिंग मशीनला कापण्याची नेमकी जागा सांगणारे उपकरण म्हणजे आय मार्क सेन्सर. मसाल्याच्या किंवा बिस्किटांच्या पाकिटाच्या कडेला दिसणारा छोटा गडद चौकोन म्हणजेच ही खूण, आय मार्क.

पाउच मशीनवर छापील फिल्मचा रोल उलगडतो, तिची पिशवी बनते, माल पडतो, तोंड सील होते आणि सुरी चालते. फिल्म ताणली जाते, घसरते. दर पाकिटामागे कापण्याची जागा अर्धा मिलिमीटर चुकली, तर शंभराव्या पाकिटापर्यंत छपाई 50 मिलिमीटर सरकते आणि मालाचे नावच मधोमध कापले जाते. म्हणून प्रत्येक पाकिटाला एक खूण असते. ती दिसताच सेन्सर इशारा देतो आणि सर्व्हो मोटर फिल्मची चाल सुधारते.

सेन्सर फिल्मवर प्रकाशाचा बारीक ठिपका टाकतो आणि परतलेला प्रकाश मोजतो. खुणेपाशी हे माप बदलते. यात प्रकाशाचा रंग निर्णायक ठरतो. पांढऱ्या फिल्मवरची लाल खूण लाल प्रकाशात जवळजवळ नाहीशी होते, कारण दोन्हींवरून तो सारखाच परततो. हिरव्या प्रकाशात मात्र ती काळी दिसते. पिवळ्या खुणेला निळा प्रकाश लागतो. तेजस्वी निळा एलईडी 1990च्या दशकात बाजारात आला, त्यामुळे लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही दिवे एका सेन्सरमध्ये बसवता आले. निळ्या एलईडीच्या शोधासाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना 2014चे नोबेल मिळाले.

रोल बदलला की ऑपरेटर ठिपक्याखाली आधी खूण, मग मोकळी फिल्म धरून ‘टीच’ बटण दाबतो. सेन्सर तिन्ही प्रकाश आजमावून सर्वाधिक फरक दाखवणारा निवडतो.

मिनिटाला 60 मीटर वेगाने धावणारी फिल्म एका मिलिसेकंदात 1 मिलिमीटर पुढे जाते. सेन्सरने 50 मायक्रोसेकंदांत प्रतिसाद दिला, तर तेवढ्या वेळात ती 0.05 मिलिमीटरच सरकते. फिल्मच्या फडफडीने माप चुकू नये म्हणून सेन्सर रोलरसमोर बसवतात. चकचकीत फिल्मवरून थेट परतणारी चमक टाळण्यासाठी तो किंचित तिरका ठेवतात.

बाटलीला योग्य रंगाचे झाकण लागले का, हे तपासायला आय मार्क सेन्सर टिपतो तसा नुसता उजेड-अंधाराचा फरक पुरत नाही. तेथे रंग सेन्सर लावतात. तो लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाचे परस्पर प्रमाण मोजतो. त्यामुळे झाकण थोडे जवळ-दूर झाले तरी रंगाची ओळख सहसा टिकते.