रजेवर आलेला नायक

रोममधील ब्रेडा कारखान्यात लेथवर लोखंड कातणारा, चाळिशीच्या उंबरठ्यावर उभा असलेला, अंगाने काटक व गालफडे बसलेला लाम्बेर्तो माज्जोरानी नावाचा एक कामगार १९४८ साली रजा काढून ‘सायकलचोर’ या चित्रपटात काम करण्यास गेला, आणि काम उरकताच ठरल्याप्रमाणे आपल्या जागेवर रुजू होण्यासाठी परत आला. त्याच्या नटजीवनाची हकीकत वस्तुतः येथेच संपावयास हवी होती. दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिका याने तसे वचनच त्याच्याकडून घेतले होते की, चित्रपट पुरा झाला म्हणजे हे सारे विसरायचे आणि पुन्हा कारखान्याची वाट धरायची. वचन देणाऱ्याने ते पाळले. परंतु ज्या कारखान्याच्या भरवशावर ते दिले गेले होते, त्या कारखान्याला या करारात कोणी विचारलेच नव्हते.

माज्जोरानीचा जन्म २८ ऑगस्ट १९०९ रोजी रोममध्येच झाला. चित्रपटाची हौस त्याला होती असे दिसत नाही. हौस होती ती घरच्या मंडळींना. दे सिका आपल्या नव्या चित्रपटासाठी एका लहान मुलाच्या शोधात आहे असे कळल्यावर मुलाचे छायाचित्र त्याच्यापुढे गेले, आणि ज्याच्यासाठी एवढी खटपट चालली होती तो मुलगा बाजूलाच राहून दे सिकाची नजर त्या छायाचित्रातील बापावर खिळली. त्या सुमारास हॉलिवुडचा मातब्बर निर्माता डेव्हिड सेल्झनिक या चित्रपटाला पैसा पुरविण्यास तयार झाला होता, मात्र नायकाची भूमिका कॅरी ग्रँट याने करावी, अशी त्याची अट होती. कथेतल्या नायकाप्रमाणे कॅरी ग्रँट बादली-कुंचला घेऊन रोमच्या भिंतींवर कागद डकवीत आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे दे सिकाने तो पैसा का सोडला हे निराळे सांगावे लागत नाही. त्याने भांडवल इतरत्र उभे केले आणि नायक कारखान्यातून उचलला. नायकाची पत्नी झाली लियानेल्ला कारेल, जी व्यवसायाने पत्रकार होती. आणि मुलगा ब्रूनो सापडला रस्त्यावरच, चित्रण पाहण्यास जमलेल्या बघ्यांमध्ये. त्याचे नाव एन्झो स्तायोला.

लुइजी बार्तोलिनी याच्या कादंबरीवरून चेझारे झाव्हात्तिनी प्रभृतींनी रचलेले ‘सायकलचोर’ या चित्रपटाचे कथानक चार-दोन वाक्यांत मावते. दीर्घकाळ बेकार असलेल्या अंतोनिओ रिच्ची याला भिंतीवर जाहिराती चिकटविण्याची नोकरी मिळते, परंतु सायकल असेल तरच. सायकल गहाण पडलेली, म्हणून बायको अंथरुणावरच्या चादरी काढून गहाण टाकते. सायकल सुटते आणि पहिल्याच दिवशी चोरीस जाते. उरलेला सारा चित्रपट म्हणजे बापलेकांनी सायकलीसाठी रोम पालथे घालणे होय.

पण कथानक लहान म्हणून ऐवज लहान नव्हे. गहाणपेढीचा प्रसंगच पाहावा. खिडकीपलीकडचा कारकून चादरी उलटसुलट करून पाहतो, वापरलेल्या आहेत असा शेरा मारतो आणि मिनतवारीनंतर ७,५०० लिरा मोजतो. अंतोनिओ शेजारच्या खिडकीत सायकल सोडवून घेत असताना सहज आत डोकावतो, तो एक नोकर त्यांच्या चादरींचे गाठोडे घेऊन मांडण्यांच्या शिडीवरून वर वर चढत चाललेला; आणि त्या मांडण्या छतापर्यंत तशाच गाठोड्यांनी ठासून भरलेल्या. कोणी एक अक्षर बोलत नाही. युद्धोत्तर इटलीच्या दैन्याचा याहून मोठा ताळेबंद एखाद्या सरकारी अहवालातही मिळावयाचा नाही. चोरीच्या वेळी अंतोनिओ शिडीवर उभा राहून रिटा हेवर्थच्या भित्तिपत्रकाच्या सुरकुत्या काढण्यात गुंतलेला असतो. कागद नवा, काम नवे, हात अद्याप बसलेला नाही. पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदली जाते आणि तपास ज्याचा त्याने करावा असे सुचविले जाते. पुढे चोर सापडतो, पोलिसासह त्याच्या खोलीची झडतीही होते, पण साक्षीदार नाही, मुद्देमाल नाही. गल्लीभर चोराचे सोयरे मात्र आहेत.

माज्जोरानीने येथे अभिनय केला की नाही, यावर पंडितांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. आंद्रे बाझँ या फ्रेंच टीकाकाराने सांगितलेली गोष्ट मला अधिक बोलकी वाटते: दे सिकाने मुलाची परीक्षा घेतली ती त्याच्या अभिनयाची नव्हे, चालण्याची. बापाच्या लांब, लांडग्यासारख्या ढांगांशेजारी दुडदुडणारी पावले त्याला हवी होती. माझे लक्ष मात्र प्रत्येक वेळी माज्जोरानीच्या हातांकडे जाते. सायकलची चौकट तो ज्या तऱ्हेने धरतो, ती धातूच्या वस्तूशी जन्माचा व्यवहार असलेल्या माणसाची तऱ्हा आहे. उलट खाणावळीत ब्रूनोच्या पुढ्यात कागद सरकवून तो मिळकतीचा हिशेब त्याच्याकडून मांडून घेतो, तेव्हा हेच हात एकाएकी निरुपयोगी होतात. हे शिकवून येत नाही, आणि शिकलेल्या नटाला ते विसरून दाखविताही येत नाही.

चित्रपट २४ नोव्हेंबर १९४८ रोजी प्रदर्शित झाला. १९५० साली हॉलिवुडच्या अकादमीने त्याला विशेष पारितोषिक दिले आणि १९५२ साली ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाने समीक्षकांची मते मागविली तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून पहिला क्रमांक त्यालाच मिळाला.

माज्जोरानीला मोबदला मिळाला ६,००,००० लिरा. त्यातून त्याने घरात नवे सामान आणले आणि बायकापोरांना सहलीला नेले. एवढ्यात हिशेब संपला. कारखान्यात परतला तेव्हा काम मंदावले होते, कामगारांची कपात चालू होती, आणि वरिष्ठांनी असा युक्तिवाद केला की, कोणाला तरी कमी करावयाचेच असेल तर सिनेमात लक्षावधी मिळविलेल्या माणसाला कमी करणे न्यायाचे. या युक्तिवादाला त्याच्या परीने तर्क आहे, आणि म्हणूनच तो अधिक बोचतो. पडद्यावर बेकारीचे प्रतीक ठरलेला मनुष्य त्या पडद्यामुळेच बेकार झाला, आणि पुढे गवंडीकामापर्यंत त्याला उतरावे लागले.

मग चित्रपटाने त्याला पोसावे, अशी अपेक्षा वावगी नव्हती. त्याने खटपट केली, भूमिका मिळाल्याही. पण त्या इतक्या लहान की श्रेयनामावलीत शोधाव्या लागतात. खुद्द दे सिकाने ‘उम्बेर्तो डी.’ मध्ये त्याला गर्दीतला एक म्हणून उभे केले आणि १९६१ च्या ‘अखेरचा न्यायनिवाडा’ या चित्रपटातही आठवणीने घेतले. दे सिकाला दोष देणे सोपे आहे. मी देत नाही, पण पूर्ण निर्दोषही म्हणवत नाही. ज्या तत्त्वावर त्याने हा नायक निवडला, त्या तत्त्वातच दुसऱ्या भूमिकेला जागा नव्हती. नट नसणे हीच माज्जोरानीची सारी पुंजी होती, आणि ती एकदाच खर्चता येण्याजोगी होती. झाव्हात्तिनीला हे सलत असावे, कारण त्याने माज्जोरानीच्याच आयुष्यावर एक चित्रपटकथा रचली. ती पडद्यावर आली नाही. छोटा स्तायोला त्या मानाने सुखरूप सुटला. काही चित्रपटांत काम करून तो पुढे गणिताचा शिक्षक झाला.

इकडे जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला आणि माज्जोरानीचा चेहरा आपल्या लोकांनी पाहिला. दिग्दर्शक बिमल रॉय यांच्यावर ‘सायकलचोर’चा जो परिणाम झाला, तो पुढच्याच वर्षी ‘दो बिघा जमीन’ मध्ये प्रकट झाला: पुन्हा बाप आणि मुलगा, पुन्हा एक निर्दय शहर, सायकलच्या ठिकाणी हातरिक्षा. परंतु आपला मार्ग उलटा होता. त्या चित्रपटाचे नायक बलराज साहनी शांतिनिकेतनात शिकविलेले, लंडनला बी.बी.सी.त नोकरी केलेले गृहस्थ. मजूर दिसावे म्हणून त्यांनी जोगेश्वरीच्या उत्तर भारतीय गवळ्यांत ऊठबस केली आणि कलकत्त्याच्या रस्त्यांवर स्वतः रिक्षा ओढली. त्यांनी मजुराचे सोंग पराकाष्ठेच्या प्रामाणिकपणे वठविले, आणि चित्रण संपल्यावर ते नट म्हणून घरी गेले. माज्जोरानीला असे परतण्याचे ठिकाण उरले नव्हते.

१९८३ च्या एप्रिलमध्ये रोममध्येच तो वारला. पण त्याच्या पडद्यावरील आयुष्याचा खरा शेवट मी एकवीस वर्षे आधीचा मानतो. १९६२ साली पिएर पाओलो पासोलिनी ‘मम्मा रोमा’ काढीत होता. आईची भूमिका आन्ना मान्यानी हिची. तिच्या वाया गेलेल्या मुलासाठी, एत्तोरेसाठी, पासोलिनीने एक कोवळा पोरगा निवडला. खाणावळीत फळांचे तबक घेऊन चाललेला वाढपी म्हणून तो त्याच्या नजरेस पडला होता. म्हणजे पुन्हा तोच प्रकार, कामावरून उचललेला नायक. चित्रपटाच्या उत्तरार्धात हा एत्तोरे रुग्णालयाच्या एका दालनात शिरतो आणि खाटेवरच्या एका आजाऱ्याचा रेडिओ लांबवू पाहतो. तो आजारी म्हणजे माज्जोरानी. केस विरळ झालेले, गालफडे अधिकच आत गेलेली, पण ओळख पटावयास क्षणही लागत नाही. पासोलिनीने हे जाणूनबुजून केले, यात मला शंका नाही. चौदा वर्षांपूर्वी ज्याची सायकल गेली त्याच्याच उशाशी नवा चोर येऊन उभा राहतो. आणि या खेपेस चोर मुद्देमालासह सापडतो.